डॅशबोर्डवरच्या पिवळ्या दिव्यास अनावृत पत्र

माननीय पिवळे दिवेसाहेब,
मुक्काम डॅशबोर्ड.

सा. न. वि. वि.

१ एप्रिल २०२० रोजी बीएस-६ लागू झालं आणि ज्या डिझेल पिकअपांना निळ्या झाकणाची, युरियाच्या पाण्याची जादा टाकी आली, तिथे आपली नेमणूक झाली. तेव्हापासून वसईच्या वाडीतली भाजी पहाटे दादरला पोचायची की नाही, हे आपण ठरवता.

आपण पेटता, पण बिघाड सांगत नाही, हा आपला मोठेपणा. गॅरेजात स्कॅनर लावला की पी-२०ईई असा कोड येतो. अर्थ एवढाच की धुरातला नॉक्स, म्हणजे नायट्रोजनचे विषारी ऑक्साइड, हवा तितका कमी होत नाही. का होत नाही, हे कोडालाही ठाऊक नसतं. पण मेकॅनिकला असतं: ‘सेन्सर गेला, शेठ!’ सर्वांत महागडा भाग सर्वांत आधी जातो, असा शास्त्राचा नियम असावा.

वास्तविक आधी टाकीतला थेंब रिफ्रॅक्टोमीटरवर घेऊन युरिया ३२.५ टक्के भरतो का ते बघता येतं. धुरात युरिया फवारणारं नोझल उघडून पांढरे खडे खरवडता येतात. पावसाळ्यात वसईच्या तुंबलेल्या रस्त्यांतून पोहून आलेल्या गाडीचा कनेक्टर काढला, तर पिनांवर हिरवट गंज दिसतो. पण असल्या स्वस्त कामांत आपला मान राहत नाही.

खड्यांचंच घ्या. धूर साधारण २०० अंशांपर्यंत तापला नाही, तर युरियाचा नॉक्स मारणारा अमोनिया नीट होत नाही; कोमट पाइपात तो थिजून बसतो. आता महामार्गावर वर्सोवा पुलाच्या अलीकडे गाडी इंच इंच सरकते, इंजिन नुसतं धडधडतं. धूर तापणार कधी? खडे जमवतो रस्ता, दिवा लागतो गाडीला. रस्त्याला डॅशबोर्ड नाही, त्याचं फावतं.

आमच्यातलेही काही कमी नाहीत, हे मान्य. कुणी युरियाची बादली मे महिनाभर पत्र्याच्या शेडमध्ये तापवतो. कुणी शेतीच्या गोणीतला युरिया नळाच्या पाण्यात ढवळून ओततो. तो कारखान्यांकडे वळू नये म्हणूनही २०१५ पासून सरकारने सगळ्या युरियाला कडुनिंबाचं तेल चोपडायला लावलं. ते तेलही टाकीत, वर नळाच्या पाण्यातला क्षार. अशा वेळी आपण पेटलात, तर आमची ना नाही. तेवढ्यापुरते आपण न्यायी.

एक विनंती. इंजिनाचा जोर काढून घ्यायचाच असेल, तर निदान गायमुखचा चढ संपू द्या. मागे मेथीच्या जुड्या आहेत, त्यांचा नॉक्सशी काही संबंध नाही.

आपला आज्ञाधारक,
एक पिकअपवाला, वसई पूर्व

ता. क. सेन्सर बदलला. आपण अजून पेटलेलेच आहात. अभिनंदन.