रिजेक्टकाका

पिंपरी कॅम्पातले भांडीवाले काही गिऱ्हाइकांना लांबून ओळखतात आणि दुकानातल्या पोऱ्याला सांगतात, "शेठ जेवायला गेलेत म्हण." आमच्या सोसायटीतले रिजेक्टकाका हे त्या जातीतलं अव्वल गिऱ्हाईक. पातेलं घ्यायचं तर ते आधी काउंटरच्या काचेवर ठेवून बोटाने हलवतात. डुगडुगलं की संपलं. मग झाकण फिरवून बघतात, कडेवरून नख ओढतात आणि शेवटी खिशातून निम्मा बाहेर डोकावणारा सहा इंची व्हर्नियर काढतात. तो दिसला की दुकानदार चहा मागवतो. काकांसाठी नव्हे, स्वतःसाठी.

भोसरीच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात त्यांची उभी हयात गेली. हिरवा टॅग म्हणजे पास, पिवळा म्हणजे रिवर्क, लाल म्हणजे रिजेक्ट. निवृत्त होताना हिरव्या टॅगांचे गठ्ठे जवळजवळ कोरे राहिले होते म्हणतात. निरोपाला कंपनीने घड्याळ दिलं, तर दुसऱ्या दिवशी काकांचा एचआरला फोन, की ते रोज चार सेकंद मागे पडतं. त्यांच्या तोंडून ऐकलेली सर्वोच्च स्तुती म्हणजे 'चालेल'. काकूंना बघायला गेले तेव्हाही घरी येऊन हेच म्हणाले होते, असं काकू सांगतात. "मी मात्र डेव्हिएशनवर पास केलं यांना," हे त्या पुढे स्वतःहून जोडतात.

असा माणूस चोवीस तास घरात बसला की काय होतं, ते काकूंना विचारावं. डाळ किती शिट्यांत शिजली याची वही झाली, गॅसच्या ज्योतीची उंची मोजून झाली, पोळ्यांचा व्यास मोजण्यापर्यंत मजल गेली तेव्हा काकूंनी लाटणं खाली ठेवलं आणि भाच्याला फोन लावला. भाचा हिंजवडीत डिजिटल मार्केटिंगमध्ये. रविवारी आला, आमटी ओरपली आणि म्हणाला, "मामा, आयुष्यभर सल्ले फुकट वाटलेत. आता त्यावर कमिशन घ्या."

मग त्याने अ‍ॅफिलिएट मार्केटिंग समजावलं. आपण ब्लॉगवर वस्तूबद्दल लिहायचं, खाली लिंक द्यायची. वाचणाऱ्याने त्या लिंकवरून खरेदी केली की कंपनी आपल्याला टक्केवारी देते, घेणाऱ्याला जास्तीचं काही पडत नाही. संगीताच्या सीडी विकणाऱ्या सीडीनाऊने 1994 मध्ये असला प्रकार केला होता, अ‍ॅमेझॉनने 1996 मध्ये पुस्तकांसाठी सुरू केला आणि आता साबणापासून फ्रिजपर्यंत सगळं त्यात आलंय.

"म्हणजे दलाली," काका म्हणाले.

"हो, पण घरबसल्या."

काकूंनी ताबडतोब होकार दिला.

सुरुवातीचा ब्लॉग भाच्याच्या पद्धतीचा होता. 'कमी बजेटमधले 10 सर्वोत्तम मिक्सर', 'या दिवाळीत घ्यावेत असे 10 जबरदस्त एअर फ्रायर'. प्रत्येकाला साडेचार तारे. काकांनी चष्मा लावून वाचलं. "दहाच्या दहा पास? असा लॉट मी जन्मात पाहिला नाही. यातले तू वापरलेस किती?"

"मामा, मी स्विगीवरून मागवतो."

काही महिने गेले. येणारे लोक दोन-चार सेकंदांत निघून जात. भाच्याने कीवर्ड बदलले, बॅकलिंकांसाठी ओळखीपाळखीच्या हातापाया पडला, पण खरेदी शून्य. शेवटी त्यानेच कबूल केलं की गूगलचे निकष बदललेत. 2021 पासून वस्तू हाताळल्याचा पुरावा असलेल्या परीक्षणांना ते वर आणायला लागलेत आणि डिसेंबर 2022 मध्ये तर मजकुराचा दर्जा तपासणाऱ्यांच्या नियमावलीत 'अनुभव' हा स्वतंत्र निकषच घातलाय.

"हे उमजायला त्यांना 2022 उजाडलं?" काका म्हणाले. "आमच्या रिपोर्टवर तपासणाऱ्याची सही पहिल्या दिवसापासून असायची." आणि त्यांनी कीबोर्ड स्वतःकडे ओढला.

पुढच्या शनिवारी काका आमच्या दारात. हातात व्हर्नियर, स्टीलची पट्टी, खांद्याला पिशवी. तपासायला मिक्सर विकत घेत बसले तर पेन्शन पुरणार नाही, म्हणून त्यांनी सोसायटीतली स्वयंपाकघरंच प्रयोगशाळा ठरवली होती. आमचा साडेसातशे वॅटचा मिक्सर ओट्याच्या मधोमध आला. आधी खाली वाकून आयएस 4250 चा छाप शोधला. मग चटणीच्या जारात सुकं खोबरं, लसूण आणि तिखट. बटण फिरवलं. घरघर झाली, वरचं खोबरं दोन मिनिटांत जागच्या जागी थांबलं आणि पातं नुसतं फिरत राहिलं. काकांचा चेहरा उजळला. त्यांनी जार उपडा केला, पातं आणि बूड यांच्यामधल्या फटीत व्हर्नियरची मागची दांडी घातली, वाचन घेतलं आणि विजयी मुद्रेने म्हणाले, "इथे अडकतंय. खाली लादा बसतो, वर हवा फिरते." मग जारखालचा प्लास्टिकचा कपलर दाखवला. पातं अडकलं तर मोटर जळण्याआधी याने मोडायचं, एवढ्यासाठीच त्याची नेमणूक. लोक मात्र कपलर मोडला की मिक्सरच भंगारात घालतात.

जाताना त्यांनी आमच्या मिक्सरवर लाल टॅग बांधला. तो अजून आहे. पाहुणे चटणी वाढून घेताना जरा थबकतात.

त्या रात्री 'हा मिक्सर घेऊ नका' हा लेख आला. लेखाचे चार रकाने ठरले आणि आजतागायत बदललेले नाहीत: तपासणीची पद्धत, आढळलेले दोष, कोणी घेऊ नये, आणि शेवटी 'तरीही घ्यायचाच असेल तर'. लिंक त्या चौथ्या रकान्यात. भाच्याने डोक्याला हात लावला. "मामा, 'आजच मागवा' असं बटण असतं!" त्यात काकांनी मध्येच लिहून ठेवलेलं, की घरचा मिक्सर नुसता आवाज करत असेल तर आधी कपलर बदलून बघा. नवा मिक्सर घ्यायला निघालेली बरीच मंडळी कपलर घेऊन परतली. त्या कपलरांवर काकांना मिळालेलं कमिशन रिक्षाच्या मीटरच्या पहिल्या आकड्याइतकंही नव्हतं.

पण तीच मंडळी दोन महिन्यांनी कुकर घ्यायची वेळ आली तेव्हा थेट काकांकडे आली. ज्याने आपले दोन-तीन हजार वाचवले, त्याने 'घ्या' म्हटलं तर घ्यायचं, हा साधा हिशोब. आणि क्लिक सर्वांत जास्त कुठून येतात, तर 'कोणी घेऊ नये' या रकान्याखालून. 'ज्यांच्याकडे रोज इडलीचं पीठ वाटलं जातं त्यांनी घेऊ नये', 'ज्यांचे हात संधिवाताने दुखतात त्यांनी हे झाकण लावण्याच्या भानगडीत पडू नये'. वाचणारा बघतो, यात आपण नाही. निर्धास्त होतो आणि विकत घेतो. अमुक वस्तू सगळ्यांसाठी उत्तम म्हटली की ती कुणाचीच नसते, हे भाच्याला लाखभर रुपयांच्या कोर्समध्ये कळलं नव्हतं.

काकांचा खरा हंगाम दिवाळीचा. चकलीचा लेख ते गणपतीच्या आधीच टाकतात, कारण गूगलला लेख सापडून वर यायला आठवडे लागतात. 'सर्वोत्तम सोऱ्या' असं काही ते लिहीत नाहीत. माणूस अडतो तेव्हा काय टाइप करतो, ते काकूंना विचारतात. काकू म्हणाल्या, "पीठ खालून यायचं सोडून दट्ट्याच्या कडेने वर येतं, त्याचं काय करायचं ते लिहा." काकांनी आळीतले पितळी, स्टीलचे, अ‍ॅल्युमिनियमचे सोरे गोळा केले आणि दट्ट्या व नळी यांच्यातलं अंतर मोजायला बसले. एकात ते दीड मिलिमीटर भरलं. "हा दट्ट्या आहे की पाहुणा? इकडे तिकडे फिरतोय." चकतीच्या चांदणीला आतून राहिलेली धातूची बर त्यांनी भिंगाखाली दाखवली. त्या बरीमुळे चकलीला काटा येण्याऐवजी ती फाटते. लेखात पहिला उपाय फुकटचा: पीठ थोडं सैल मळा, उकड नीट घ्या. तरी वर येत असेल तर सोऱ्या बदला आणि बदलायचा तर या मापाचा. तो लेख दर वर्षी अश्विनात असा चालतो की काकू त्याला 'चकलीबोनस' म्हणतात.

लेखाच्या माथ्यावर कमिशनची कबुली ठळक असायला हवी. जाहिरात मानक परिषदेने 2021 मध्ये तशी मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. बाकीचे ती पानाच्या तळाशी मुंगीच्या अक्षरात टाकतात. काकांच्या ब्लॉगवर ती सर्वांत वर, लाल टॅगाच्या चित्रात आहे: 'इथल्या लिंकवरून घेतलंत तर मला चार पैसे मिळतात. नाही घेतलंत तर तुमचे वाचतात.' भाचा म्हणाला, यानेच लोक पळतील. लोकांनी त्याचे स्क्रीनशॉट काढून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवले.

अडचण आली ती भलत्याच बाजूने. काका ज्या कंपनीच्या लिंका देतात तिच्या नियमानुसार लिंक दाबल्यापासून 24 तासांत त्या गिऱ्हाइकाने कार्टात टाकून घेतलेल्या इतर मालावरही कमिशन मिळतं. एका सकाळी काका अहवाल घेऊन आमच्याकडे आले. "कुकर बघायला आलेल्या कुणीतरी मांजराचं खाणं आणि योगासनाची चटई घेतलीय. त्याचे पैसे माझ्या खात्यात. मी ते तपासलेलं नाही!" हे पैसे परत कसे करायचे, असं त्यांनी कंपनीला रीतसर विचारलं. उत्तर देणारा बहुधा अजून रजेवर आहे.

मधल्या काळात भाच्याने मोठं घबाड आणलं. क्रेडिट कार्डं, झटपट कर्जाची अ‍ॅपं, वजन उतरवणारी पावडर. स्वयंपाकघरातल्या वस्तूंपेक्षा यात मिळकत कितीतरी जास्त. काकांनी पावडरीचा डबा उलटापालटा केला. "याला व्हर्नियर कुठे लावू?" एवढंच बोलून त्यांनी तो परत दिला. भाचा चार दिवस रुसला. पण ब्लॉग भांड्यांचाच राहिला आणि म्हणूनच कुकरची रिंग नऊ की साडेनऊ इंची, या असल्या प्रश्नासाठी लोक अजून तिथे येतात.

कमिशनचे पैसे महिना संपल्यावर साधारण दोन महिन्यांनी जमा होतात. लोकांना हे लांबण वाटतं, काकांना नाही. "लघुउद्योगाचे पैसे 45 दिवसांत द्या म्हणून 2006 चा कायदा आहे. भोसरीत 90 ला चेक निघाला तरी पेढे वाटतात." गिऱ्हाइकाने माल परत केला की कमिशनही परत जातं, हा नियम तर त्यांना इतका आवडला की ते भावुक झाले. रिजेक्शनची डेबिट नोट व्हेंडरलाच लागली पाहिजे. तेव्हापासून ते कमाईच्या आकड्याकडे नंतर बघतात, परतीच्या आकड्याकडे आधी. एखादी वस्तू जास्त परत यायला लागली की तिचा लेख रात्रीतून उघडून 'कोणी घेऊ नये'मध्ये आणखी एक ओळ वाढते.

पैसे बऱ्यापैकी जमल्यावर काकूंनी नवा मिक्सर मागितला. आता पेच. स्वतःच्या लिंकवरून स्वतः घ्यायचं नाही, घरच्यांनीही नाही, ही अट. काका नियम मोडणाऱ्यातले नव्हेत. त्यांनी 'टॉप 10'वाल्या एका प्रतिस्पर्ध्याचा ब्लॉग उघडला आणि त्याची लिंक दाबली. "मिळू दे पोराला चार पैसे." मिक्सर आला, खोबरं-लसूण झालं, फट मोजली, लाल टॅग लागला, तिसऱ्या दिवशी मिक्सर परत.

"मामा, त्या बिचाऱ्याचं कमिशन कापलं जाईल," भाचा म्हणाला.

"कापलंच पाहिजे. त्याने माल न बघता पास केला."

वर काकांनी त्या मुलाला सविस्तर पत्र पाठवलं, दोषांच्या तक्त्यासकट. आठवड्याभरात त्याच्या ब्लॉगवर त्या मिक्सरखाली 'कोणी घेऊ नये' असा रकाना उगवला, तक्ता जसाच्या तसा, खाली लिंक. भाचा भडकला, चोरीची तक्रार करू म्हणाला. काकांनी शांतपणे दुसरं पत्र लिहायला घेतलं: 'आपण तक्ता वापरलात, हरकत नाही. मात्र फट 3.4 मिलिमीटर आहे, आपण 3.2 छापली आहे. कृपया दुरुस्ती करून कळवावे.'