डब्यातला नवतपा

मे महिन्यात नागपुरात भेटलेला माणूस तब्येत विचारत नाही, आकडा सांगतो. "काल ४५ होतं न!" त्यावर समोरच्याने शांतपणे "चंद्रपूरला ४६" म्हटलं, की पहिल्याचा चेहरा उतरतो. उन्हाचा त्रास सगळ्यांनाच आहे, पण मान शेजारच्या जिल्ह्याने पळवला की तो सोसवत नाही.

अशा गावात ज्याच्या घरात, टेबलाखाली, भरदुपारी ९१ अंश नोंदले जातात, त्याने गप्प का बसावं? मी चारचौघांत हा आकडा टाकून पाहिला. "चुलीचं सांगून राहिले का?" एवढंच उत्तर आलं. संगणकाचं तापमान अधिकृत धरत नाहीत.

माझा धंदा डीटीपीचा, म्हणजे मुख्यतः लग्नपत्रिकांचा. विदर्भात लग्नं आणि ऊन एकाच मुहूर्तावर येतात, त्यामुळे माझ्या सीपीयूला वर्षातलं सगळ्यात जास्त काम नेमकं तेव्हाच पडतं जेव्हा बाहेर कावळासुद्धा उडत नाही. आत आहे आय-फाइव्ह २४००, २०११ सालची चिप. नवा संगणक घ्या, असं सगळे सांगतात. सांगणाऱ्यांपैकी कोणालाही माझा पेजमेकर, माझे जुने मराठी फॉन्ट आणि त्यांचं डाँगल नव्या विंडोजवर चालवून दाखवता आलेलं नाही.

पेजमेकर बिचारा गुणी. त्याने चिपला घाम फुटत नाही. तो फोडतो कोरलड्रॉमधला गणपती. वरपक्षाला गणपतीमागे प्रभावळ हवी असते, प्रभावळीला सावली हवी असते आणि ती सावली पारदर्शक हवी असते. चिपच्या कवचाच्या आतला खरा सिलिकॉनचा तुकडा २१६ चौरस मिलिमीटरचा. पत्रिकेवरचा गणपतीही त्याहून मोठा असतो. एवढ्याशा जागेतून ९५ वॉटपर्यंतची उष्णता बाहेर काढायची आहे, हे वधूपक्षाला समजावता येत नाही.

हे सगळं आधीही होतच असणार. पण मुलगा दिवाळीत येऊन घड्याळाशेजारी तापमान दाखवणारा एक प्रोग्राम टाकून गेला आणि घरातली शांतता संपली. डिसेंबरात तो आकडा ६५च्या आसपास असायचा. तेव्हा खोली १५ अंशांवर होती, आता ती ४०वर आहे. पंखा खोलीतलीच हवा मारतो, त्यामुळे खोलीचे वाढलेले २५ अंश जसेच्या तसे चिपच्या खात्यात जमा होतात. शंभरीजवळ पोचली की चिप आपण होऊन वेग कमी करते. याला थ्रॉटलिंग म्हणतात. आमच्याकडे दुपारी एक ते चार सगळी बाजारपेठ हेच करते, फक्त शटर ओढून.

उगाच चिपला दोष देण्यात अर्थ नाही. उष्णतेपुढे भल्याभल्यांनी हात टेकलेत. खुद्द इंटेलने २००४ साली 'तेजस' नावाची येऊ घातलेली चिप रद्द केली, त्यामागे वीज आणि उष्णता हीच अडचण होती. मला ही हकिगत फार आवडते. गिऱ्हाईक पत्रिका उशिरा का म्हणून विचारू लागलं की मी तीच ऐकवतो.

उपाय सुचवणारे घरबसल्या मिळाले. शेजारच्या भाऊंनी कूलरच सीपीयूकडे वळवायला सांगितला. हवा कोरडी असताना कूलर खोली थंड करतो हे खरं, पण बोअरच्या पाण्याचा जो पांढरा थर कूलरच्या जाळीवर बसतो, तो मदरबोर्डवर बसलेला मला नको होता. मग त्यांनी संगणकाच्या डब्याचं एका बाजूचं झाकण काढायला लावलं. आकडा चार अंशांनी उतरला आणि आत एक पाल राहायला आली.

शेवटी सीताबर्डीवरून एक पोरगा आला. "कायले घाबरून राहिले काका," म्हणत त्याने पंखा उचलला. पंख्याखाली, ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांवर, राखाडी धुळीचा सलग थर होता, इतका घट्ट की चिमटीत धरून अख्खा सोलून निघाला. आमच्या खोलीतली सगळी वर्षं त्यात होती. त्याने पात्यांवर बोट ठेवून ब्लोअर मारला, चिपवरची करकरीत सुकलेली पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली आणि नवी पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी टाकली. भाऊ म्हणाले, वाटाण्याएवढी पाहिजे. हा वाद जगभर चालू आहे, त्यामुळे मी त्यात पडलो नाही.

चिपवरच्या पंख्याचे चार प्लॅस्टिकचे पाय बसवणं मात्र बघवत नाही. समोरासमोरचे दोन-दोन दाबायचे, आणि दाबताना अख्खा बोर्ड वाकतो. तिसरा टक् वाजला, चौथा वाजेना. पोराने तळहाताने जोर लावला, मी डोळे मिटले, भाऊंनी ते उघडे ठेवले. टक्.

पुन्हा तोच गणपती, तीच पारदर्शक सावली. आकडा ७२वर येऊन थांबला. मी पोराला बक्षीस द्यायला पाकीट काढलं, तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला.

"अहो, त्या डब्यातला पंखा झाला असेल तर इकडचाही बघायला सांगा. फोडणी करते तेव्हा तो मिनिटाला एक फेरा मारतो."

पोरगा स्टुलावर चढला. "काका, कपॅसिटर गेला न. शंभराच्या आत मिळून जाईन. दोन वर्षांपासूनचा दिसते."

"तीन," आतून दुरुस्ती आली.