जुन्या फर्निचरचा उद्धारक

जुन्या फर्निचरचा उद्धारक मुख्यतः शहरी फ्लॅटमध्ये आढळतो. ही वृत्ती स्त्री-पुरुष दोघांतही दिसते. सुतारकामाशी त्याचा पूर्वसंबंध शाळेतल्या कार्यानुभवाच्या तासापुरता असतो. मुंबईत चोर बाजारातली मटन स्ट्रीट आणि ओशिवऱ्याची फर्निचरची दुकाने, पुण्यात बुधवारी व रविवारी भरणारा जुना बाजार ही त्याची तीर्थक्षेत्रे.

वस्तूची निवड तो तिच्या दुरवस्थेवरून करतो. धडधाकट खुर्चीकडे तो ढुंकूनही पाहत नाही. पाय मोडलेले ड्रेसिंग टेबल मात्र त्याला लांबून हाक मारते. दुकानदाराने ‘अस्सल बर्मा टीक’ एवढे म्हटले की घासाघीस संपते. मागची फळी प्लायवूडची आहे हे टेम्पोतून उतरवताना हमालाच्या लक्षात येते. मजुरी हातात पडेपर्यंत तो बोलत नाही.

पहिली पायरी निदानाची. ड्रॉवर ठोकल्यावर पिठासारखा भुसा पडला तर ते लाकूड पोखरणाऱ्या भुंग्याचे काम. वाळवी मातीच्या नळ्या करून येते. उद्धारक दोघांनाही वाळवीच म्हणतो आणि इंजेक्शनच्या सुईने भोकाभोकात औषध भरतो. या काळात घरच्यांनी त्याला ‘डॉक्टर’ म्हटलेले त्याला आवडते.

दुसरी पायरी घासण्याची. आधी 80 नंबरचा पॉलिशपेपर, मग 120 आणि शेवटी 220, असा क्रम आहे. 80 नंबरला उत्साह असतो, 120 ला खांदा दुखतो आणि 220 ची वेळ येते तेव्हा ‘हाताला गुळगुळीतच लागतंय की’ असा निर्णय होतो. जुन्या रंगात शिसे असू शकते. भारतात घरगुती रंगांतले शिसे दर दशलक्ष भागांत 90 भागांवर आणणारा नियम नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीचा रंग ओला करून, मास्क लावूनच घासावा. उद्धारक मास्क लावतो, पण फोटोपुरता.

त्यानंतर लांबी. खडूची पूड आणि जवसाचे तेल यांच्या या लगद्याने भेगा व खिळ्यांची भोके बुजतात. उद्धारक तिने तुटलेला कोपराही घडवतो. सागात मुळातच तेल असल्याने तो थिनरने पुसून प्रायमर लावणे आवश्यक असते. रंगाचा डबा आधीच उघडलेला असल्याने ही पायरी गाळली जाते आणि पुढे रंगाचे पापुद्रे निघतात. त्याचे खापर कंपनीवर फुटते.

रंगाची निवड कुटुंबकलहाचा विषय आहे. बहुमत पांढऱ्याला असते, लागतो मोरपंखी. पावसाळ्यात हात सुकायला वेळ लागतो. तेवढे दिवस बाल्कनी बंद राहते, कपडे हॉलमध्ये वाळतात आणि टेबलाखाली पसरलेल्या वर्तमानपत्रातला अग्रलेख पायाला चिकटतो. ड्रॉवर बंद ठेवूनच रंगवल्यामुळे तो पुढे उघडत नाही. आतला कंगवा आतच राहतो.

या छंदाचे शिखर चॉक पेंट. ॲनी स्लोन यांनी 1990 साली इंग्लंडमध्ये तो बाजारात आणला. त्याने रंगवलेल्या वस्तूच्या कडा मुद्दाम घासून ती जुनी दाखवण्याची फॅशन आहे. म्हणजे जुने टेबल नवे करण्यात महिना घालवून एका दुपारी ते पुन्हा जुने केले जाते. शेजारी ‘कधी रंगवणार?’ असे विचारतात, तेव्हा काम उत्तम झाले असे समजावे.

तयार वस्तूत उद्धारकाचा रस ‘आधी’ आणि ‘नंतर’ या दोन फोटोंपुरताच असतो. ते नातेवाइकांना पाठवून झाले की पुढची मोडकी वस्तू दाराशी येते आणि तिला जागा करण्यासाठी टेबल कुणाच्या तरी नव्या घरी जाते. वास्तुशांतीच्या पत्रिकेवरची ‘कृपया आहेर आणू नये’ ही ओळ टेम्पोने येणाऱ्या वस्तूंना लागू नाही, असे त्याचे ठाम मत असते.