ए पारनेर, बॉक्स आउट!

नगर जिल्ह्यात खेळाला माणसं जमत नाहीत असं कुणी म्हटलं, तर मी त्याला हाताला धरून एखाद्या यात्रेतल्या कुस्त्यांच्या हगाम्याला नेऊन बसवीन. रेवड्यांच्या कुस्तीपासून मानाच्या कुस्तीपर्यंत भर उन्हात माणूस जागचा हलत नाही. कबड्डीला पोरं झाडावर चढतात. क्रिकेटचं तर बोलायलाच नको, टेनिस बॉलच्या स्पर्धेलासुद्धा मांडव, कर्णा आणि पुढाऱ्याच्या हस्ते नाणेफेक. मुलींच्या कॉलेज बास्केटबॉलला मात्र प्रेक्षक म्हणून असतात ते असे: पुढची मॅच असलेला संघ, कुणाची तरी आई, एक कुत्रं आणि मी. कुत्रं बोर्डाच्या सावलीत झोपतं. फास्ट ब्रेक येताना दिसला की आपणहून उठून रेषेबाहेर जातं. त्याला पंचांपेक्षा जास्त कळतं असं संघाच्या सरांचं मत आहे, पण ते मत मॅच हरल्यावरचं असल्यामुळे मी फारसं मनावर घेत नाही.

मी पोस्टातून निवृत्त झालेली बाई. साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी संध्याकाळी चालायला सांगितलं. जवळच्या कॉलेजच्या मैदानाला फेऱ्या मारू लागले आणि मैदानाच्या कोपऱ्यात सिमेंटचं कोर्ट होतं. एवढंच निमित्त. पहिले काही दिवस तिथून जाताना माळीवाडा स्टँडवर आल्यासारखं वाटायचं. “पारनेर, मागं! शेवगाव, शेवगाव, इकडं बघ! पाथर्डी, उभी काय राहिलीस, सूट!” जिमखान्याचे सर मुलींना गावाच्या नावानं हाक मारतात हे उलगडायला थोडा वेळ गेला. संघात एकाच नावाच्या मुली फार, आणि आडनावंही आमच्याकडे ठरलेलीच. गाव मात्र प्रत्येकीचं वेगळं. शहरातल्या दोघी होत्या त्यांची भिंगार आणि सावेडी झाली. जिल्ह्याचे चौदा तालुके, क्षेत्रफळानं महाराष्ट्रात सर्वांत मोठा जिल्हा, त्यामुळे सरांना नावांची टंचाई कधी पडायची नाही.

बॉक्स आउट म्हणजे काय, हे मला पारनेरनेच दाखवलं. बॉल रिंगवर आपटून उडाला की वर बघत बसायचं नाही. आधी समोरचीला पाठीवर घ्यायचं, गुडघे वाकवून, कोपरं जरा बाहेर काढून जागा धरायची, आणि मग बॉल आपल्याच पुढ्यात पडतो. सर बाकीच्यांना हे महिनाभर शिकवत होते. पारनेरला शिकवावं लागलं नाही. सकाळच्या कॉलेजच्या वेळेला एसटीत चढणाऱ्या मुलीला पाठीनं जागा अडवणं येतंच. २०२३ च्या मार्चपासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून तर तिचा सराव आणखी वाढला असणार.

माझी भाची आयोवात राहते. मी बास्केटबॉल बघते म्हटल्यावर तिला कोण आनंद झाला! तिकडे मुलींच्या कॉलेज बास्केटबॉलचं वेड आहे, आणि आयोवा विद्यापीठाच्या केटलिन क्लार्कनं ते टोकाला नेलं. २०२३ च्या ऑक्टोबरात त्यांनी फुटबॉलच्या उघड्या स्टेडियमवर कोर्ट अंथरून मॅच खेळवली, ती बघायला ५५,६४६ माणसं आली. २०२४ च्या एप्रिलमध्ये आयोवा फायनल हरली, साउथ कॅरोलायनानं ८७-७५ असं हरवलं, पण ती मॅच टीव्हीवर सरासरी १ कोटी ९० लाखांच्या आसपास लोकांनी पाहिली. मुलांची फायनल पाहणारे त्याहून चाळीस लाखांनी कमी. हा आकडा मी आमच्या ह्यांना ऐकवला. ते म्हणाले, “त्यांच्याकडे लाइट जात नसतील.”

भाची सांगते तो सीझन नोव्हेंबरात सुरू होतो आणि एप्रिलच्या तोंडाशी संपतो. नेमका आपला साखर कारखान्यांचा गळीत हंगाम. एकेक संघ तीसेक सामने खेळतो, एखादा हरला तरी दोन दिवसांत दुसरा असतोच. मी तिला आमचा हंगाम समजावून सांगितला तेव्हा फोनवर बराच वेळ काही आवाजच आला नाही. आमचं विद्यापीठ पुण्याचं. त्याचे खेळापुरते विभाग आहेत: पुणे शहर, पुणे जिल्हा, नगर आणि नाशिक. आधी आपल्या विभागातली कॉलेजं आपसात खेळतात. मग विभागांचे संघ निवडून आंतरविभागीय. त्यातून विद्यापीठाचा संघ, आणि तो पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो. ऐकायला झोकदार आहे. पण पहिली पायरी बाद पद्धतीची, म्हणजे हरलात की घरी. मुलींचे संघ मुळात मोजके. कुणाला बाय मिळतो, कुणाचा समोरचा संघ परीक्षेमुळे येतच नाही आणि पुढे चाल मिळते. असा एखादा संघ बॉलला हात न लावता उपांत्य फेरीत असतो. वर्षभर रोज संध्याकाळी घाम गाळायचा आणि दोन-तीन दिवसांत जे व्हायचं ते होऊन जायचं. त्यातच पाऊस आला तर सिमेंटच्या कोर्टावर पाणी साठतं आणि खेळाडूच खराटा घेऊन ते लोटतात. बाकी सगळा काळ फॉर्म भरण्यात जातो. बारावीचं मार्कलिस्ट, बोनाफाइड, फोटो, त्यावर प्राचार्यांची सही आणि शिक्का. प्राचार्य मीटिंगला गेलेले.

म्हणून मी मॅचचा नाद सोडून सरावाला धरलं. मॅच काय, वर्षातून केव्हातरी. सराव रोजचा. कोण लंगडतंय, कुणाचा डावा हात चालायला लागला, कोण दोन दिवस आली नाही, हे मला चालता चालता कळायला लागलं. फेऱ्या हळूहळू कमी झाल्या आणि कठड्यावर बसणं वाढलं. साखर जागच्या जागी राहिली, पण डॉक्टरांना बास्केटबॉल कळत नाही.

मला स्वतःला या खेळात सगळ्यात नवल वाटतं ते घड्याळाचं. बॉल हातात आला की चोवीस सेकंदांत बास्केटवर टाकायचा. आठ सेकंदांत आपला अर्धा भाग ओलांडायचा. समोरच्यांच्या रिंगखालच्या रंगवलेल्या पट्ट्यात तीन सेकंदांवर रेंगाळायचं नाही. नगरात राहून ही शिस्त पाळायची म्हणजे थट्टा नाही. दहाला सुरू होणारी मॅच इथं साडेअकराला लागते, कारण उद्घाटनाचा नारळ आणायला गेलेला शिपाई परत येत नाही, आणि एकदा पंचांनी शिट्टी मारली की मग सेकंदासेकंदाची किंमत! आमच्या कोर्टावर चोवीस सेकंदांचं विजेचं घड्याळ नाही. टेबलावरचा एक मुलगा स्टॉपवॉच घेऊन बसतो आणि शेवटचे आकडे ओरडतो. आपल्या संघाकडे बॉल असला की त्याचं “पाच, चार” जरा सावकाश येतं. समोरच्यांकडे असला की त्याला एकदम घाई होते.

बॉलचंही तसंच. मुलींचा बॉल सहा नंबरचा, मुलांचा सात नंबरचा. मुलींचा साडेअठ्ठावीस इंच घेराचा आणि वजनाला हलका. जिमखान्यातला सहा नंबरचा चांगला बॉल एकच, आणि तो “मॅचसाठी” म्हणून कपाटात कुलपात. सरावाला सात नंबर. त्यामुळे मॅचच्या दिवशी आमच्या मुलींच्या हातून पहिले काही बॉल बोर्डाच्या वरून पलीकडे जातात. सर कपाळाला हात लावतात. किल्ली सरांच्याच खिशात असते.

हा खेळ एका मास्तरांनी जमवला, ही गोष्ट मला आवडते. जेम्स नाइस्मिथ, अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डच्या वायएमसीएच्या संस्थेतले शिक्षक. १८९१ च्या डिसेंबरात बाहेर थंडी, आत व्यायामशाळेत कंटाळलेले दांडगे विद्यार्थी. त्यांना गुंतवायला त्यांनी पीचच्या दोन टोपल्या सज्जाला ठोकल्या आणि तेरा नियम लिहिले. सज्जा दहा फुटांवर होता, म्हणून आजही रिंग दहा फुटांवरच आहे. तो सज्जा आठ फुटांवर असता तर आमच्या शेवगावचं किती भलं झालं असतं! टोपलीला बूड होतं, त्यामुळे दर वेळी बॉल काढायला कुणीतरी वर चढायचं. पुढच्याच वर्षी स्मिथ कॉलेजच्या शिक्षिका सेंडा बेरेनसन यांनी तो मुलींना शिकवला आणि १८९३ च्या मार्चमध्ये कॉलेजच्या दोन वर्गांत सामना लावला. पुरुषांना आत मज्जाव. मुली दमू नयेत, धसमुसळेपणा करू नये म्हणून बाईंनी नियमही सौम्य केले. कोर्टाचे तीन भाग पाडले आणि जिनं तिनं आपल्याच भागात राहायचं. दुसरीच्या हातून बॉल हिसकायचा नाही. हे मी एकदा सरावानंतर मुलींना सांगितलं. पारनेर म्हणाली, “मावशी, मग खेळायचं काय?”

पुरुषांचं बास्केटबॉल १९३६ ला बर्लिनच्या ऑलिंपिकमध्ये आलं, बायकांचं १९७६ ला माँट्रियलमध्ये. चाळीस वर्षं लागली. भारताच्या मुलींनी २०१७ ला बंगळूरमध्ये आशिया कपाच्या ब गटाची फायनल कझाकस्तानविरुद्ध ७५-७३ अशी जिंकली, त्या संघात पुण्याची शिरीन लिमये होती. भिंगारनं त्या मॅचचा व्हिडिओ इतक्यांदा पाहिलाय की शेवटची मिनिटं ती हातवारे करून दाखवते.

आमच्या मुलींची आंतरविभागीय स्पर्धेत गाठ पडली ती पुण्याच्याच संघाशी. मी ह्यांना घेऊन गेले होते. वॉर्म-अपलाच कळून चुकलं. समोरच्या मुली लाकडी कोर्टावर वाढलेल्या, सगळ्यांच्या बुटांचा एकसारखा चुर्रचुर्र आवाज, उजवीकडून ले-अप, डावीकडून ले-अप, बोलणं नाही. आमच्या बाजूला सावेडीच्या लेसची गाठ सुटेना. ह्यांनी विचारलं, “आपली कुठली?” मी म्हटलं, “हसतायत त्या.”

पहिल्या क्वार्टरला आम्ही बारा गुणांनी मागं पडलो. दुसऱ्यात सरांनी झोन लावायला सांगितला, म्हणजे माणूस न धरता जागा राखायची. नगरच्या माणसाला बचाव म्हटला की चांदबिबी आठवतेच. १५९५-९६ च्या वेढ्यात मुघलांनी किल्ल्याच्या तटाला सुरुंगानं भगदाड पाडलं, तेव्हा ती स्वतः तिथं उभी राहिली आणि रातोरात तट बांधून काढला म्हणतात. टाइम-आउटला सरांनी हे उदाहरण दिलं. शेवगाव पाण्याची बाटली तोंडाला लावूनच म्हणाली, “सर, तिला रात्रभर वेळ होता. आपल्याकडे पाच मिनिटं आहेत.” टाइम-आउट सगळा हसण्यात गेला. पण त्यानंतर मात्र झोन बसला. भिंगार पुढं दोन्ही हात पसरून नाचत होती, त्यांचा बॉल आत जाईना, चोवीस सेकंद दोनदा संपले. तिसऱ्या वेळी लांबून टाकलेला बॉल रिंगवर आपटून उडाला, पारनेरनं त्यांच्या उंच सेंटरला पाठीवर घेऊन जागच्या जागी खिळवलं आणि पाथर्डीनं तो वरच्या वर उचलला. एक ड्रिबल, दोन ड्रिबल, पास भिंगारला, भिंगारनं न बघता परत दिला आणि पाथर्डीनं चक्क डाव्या हातानं ले-अप टाकला. डाव्या हातानं! दिवाळीआधी ह्या मुलीचा डावा हात नुसता लोंबायचा. मी उठून ओरडले. ह्यांनी आजूबाजूला कुणी ओळखीचं आहे का ते पाहून घेतलं आणि मग तेही ओरडले.

हरलो. चांगले बावीस गुणांनी हरलो, पारनेर पाच फाउल होऊन बाहेर गेली आणि आमचा हंगाम संपला. पाथर्डीची मात्र विद्यापीठाच्या निवड शिबिराला वर्णी लागली. तिचे आई-वडील तेव्हा ऊसतोडीला गेलेले. मुकादमाच्या फोनवर तिनं त्यांना कळवलं. आईनं पहिलं विचारलं, “जेवण तिकडं देत्यात का?” आणि दुसरं विचारलं ते नोकरीतल्या खेळाडूंच्या पाच टक्के राखीव जागांबद्दल. हा आकडा आमच्या जिल्ह्यातल्या आयांना चोवीस सेकंदांच्या नियमाआधी माहीत असतो, आणि तसाच असावा.

शिबिरासाठी तिला सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचं नाव छापलेला टी-शर्ट मिळाला. सावित्रीबाई शिक्षिका होण्याचं प्रशिक्षण घ्यायला आमच्या नगरलाच मिस फरारबाईंकडे आल्या होत्या. विद्यापीठाला त्यांचं नाव २०१४ मध्ये दिलं. पाथर्डीला हे सांगितलं तर ती टी-शर्टाच्या बाह्या ओढून बघत म्हणाली, “हो, पण साइज लई मोठी दिलीय.”

एप्रिलमध्ये भाचीचा सीझन संपतो, कारखान्यांची धुराडी थंड होतात आणि कोर्टावर चटके बसतात. तेव्हापासून सरांचं खरं काम सुरू होतं. अमेरिकेत म्हणे उंच मुली शाळेत असतानाच हेरतात, घरी जातात, शिष्यवृत्त्या देतात. आमचे सर जूनमध्ये प्रवेशाच्या खिडकीपाशी उभे राहतात. रांगेवरून नजर फिरवत. यंदा जामखेडकडची एक मुलगी वडिलांबरोबर आली होती, रांगेत सगळ्यांच्या वर डोकं. सर पुढं झाले.

“उंची किती गं तुझी?”

वडिलांनी सरांकडे असं पाहिलं की सरांना आधी आपलं ओळखपत्र दाखवावं लागलं. बास्केटबॉल म्हटल्यावर ते जरा सैलावले.

“कधी बॉल धरलायस?”

“नाही. खो-खो खेळते.”

“चालेल.”

मुलीनं वडिलांकडे पाहिलं, वडिलांनी फॉर्मकडे. मग तिनं हळूच विचारलं, “सर, यात हॉस्टेलला नंबर लागतो का?”

“लागतो,” सर म्हणाले. हे त्यांनी कुणाच्या अधिकारात सांगितलं, ते आता रेक्टरबाई विचारतीलच.