डीजेचे रिकामे हात

हुबळी-धारवाडच्या लग्नांत, हळदीत आणि गणपतीत हल्ली एक प्राणी हमखास भेटतो. वय १९ ते २४. दिवसा इंजिनियरिंग कॉलेज किंवा मोबाइल दुरुस्तीचं दुकान, संध्याकाळी ‘डीजे अमुक’. त्या अमुकच्या स्पेलिंगमध्ये एखादा एक्स किंवा झेड गरजेपेक्षा जास्त. घरात मराठी, गल्लीत कन्नड आणि कन्सोलमागे उभा राहिला की दोन्ही बंद. गोकुळ रोडवरच्या कल्याण मंटपात तो सातला सामान उतरवतो, साडेसातला केबली जोडून मोकळा होतो आणि आठच्या आत तीनदा बाथरूमला जाऊन येतो. मग अर्ध्या अंधारात काळा गॉगल चढवतो. आपला घाबरलेला चेहरा त्यामुळे लोकांना दिसणार नाही अशी त्याची समजूत असते. प्रत्यक्षात त्यालाच बटणं दिसेनाशी होतात.

त्याच्याबद्दलचं निदान ठरलेलं आहे: पोरगं लाजाळू आहे, चार कार्यक्रम झाले की भीड चेपेल. मला हे पटत नाही. भीड असते ती माणसांची, आणि हाच मुलगा दुर्गद बैलच्या बाजारात दुकानदाराशी वीस रुपयांसाठी दोन भाषांत भांडू शकतो. आधीच्या कार्यक्रमाचे थकलेले पैसे तर तो वधूपित्याकडून मांडवातच वसूल करतो. त्याला धास्ती आहे ती रिकाम्या हातांची. साधा हिशेब करून पाहा. १२८ बीपीएमच्या, म्हणजे मिनिटाला १२८ ठोक्यांच्या गाण्यात ३२ ठोके बरोबर १५ सेकंदांत संपतात, आणि एका गाण्यातून दुसऱ्यात सरकायला साधारण तेवढाच वेळ मिळतो. तासाला वीस गाणी धरली तर खरं हातकाम झालं पाच मिनिटांचं. उरलेली पंचावन्न मिनिटं या माणसाने शे-दोनशे पाहुण्यांसमोर, चौथऱ्यावर, लाल-निळ्या दिव्यांखाली नुसतं उभं राहायचं. गवयाला गळा असतो, तबलजीला दोन्ही हात, भटजींना मंत्र. नवरदेवालासुद्धा हातात धरायला एक नारळ देतात. डीजेला काय? म्हणून तो कामात असल्याचं नाटक करतो. ज्या चॅनेलवर काही वाजतच नाही त्याचं बटण डोळे मिटून फिरवतो, हेडफोनची एक वाटी कानाला लावून गंभीर होतो, लॅपटॉपवर गाण्यांची यादी वर-खाली सरकवतो. मधेच एक हात हवेत जातो. तो अर्ध्यावर पोचल्यावर त्याला शंका येते आणि तो केस सारखे करून खाली येतो. भीती वाढते ती या नाटकामुळे, कारण नाटक म्हटलं की पकडलं जाण्याची धास्ती आलीच.

आणि पकडणार कोण? अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात टॉमस गिलोविच यांनी विद्यार्थ्यांना एका गायकाचं चित्र असलेला, घालायला लाज वाटेल असा टी-शर्ट घालून खोलीत पाठवलं होतं. घालणाऱ्याला वाटायचं, निम्म्या लोकांनी तरी पाहिलं असणार. पाहिलेलं असायचं सुमारे चौथ्या हिश्श्याने. हे संशोधन २००० साली छापून आलं. आपल्या मंटपात हे प्रमाण याहून पुष्कळ खाली असावं, कारण तिथे नवरी असते, आइस्क्रीमचा काउंटर असतो आणि प्रत्येकाच्या हातात मोबाइल असतो. ‘सैराट’मधलं ‘झिंगाट’ लागलं की मराठी पाहुणे नाचतात. त्याच चालीचं गाणं २०१७ च्या ‘मनसु मल्लिगे’ चित्रपटात कन्नडमधून आल्यामुळे कन्नड पाहुणेही नाचतात. चौथऱ्याकडे ढुंकून पाहायला कोणीच उरत नाही. मागून एखादा ‘हाकलेऽ!’ (लाव रे!) ओरडतो, तोही स्पीकरच्या भिंतीकडे तोंड करून.

‘नुसतं बटण तर दाबायचं, त्यात घाबरण्यासारखं काय?’ असा एक आक्षेप घेतात. आक्षेप घेणाऱ्याने नकळत माझीच बाजू मांडलेली असते. शिवाय यंत्रावर ‘सिंक’ नावाचं बटण आलंय. ते दोन गाण्यांची गती आपोआप जुळवतं. पूर्वी हे हाताने करावं लागे. एक गाणं १२८ चं आणि दुसरं १२५ चं असलं तर दहाव्या सेकंदाला अर्ध्या ठोक्याचा फरक पडतो आणि दोन ठेके एकमेकांना लाथा मारू लागतात. ‘सिंक’ने ती कटकट मिटली, पण कडवं कुठे संपतं हे त्याला कळत नाही, आणि पाच मिनिटांच्या कामातली निम्मी मिनिटं त्याने पळवली. हात आणखी रिकामे झाले!

दुसरा आक्षेप धारवाडकरांचा, आणि तो वजनदार आहे. भीमसेन जोशी, मल्लिकार्जुन मन्सूर, गंगूबाई हनगल यांच्या मुलखातल्या पोराचे पाय मंचावर लटपटावेत? पण त्या मंडळींचं धैर्य तालमीतून आलं होतं. सवाई गंधर्वांकडे शिकायला गंगूबाई हुबळीहून आगगाडीने कुंदगोळला जात. तिथे एकेक पलटा घासून घासून असा बसवला जाई की गाताना गळ्याला भिण्याची सवड राहू नये. १९२४ च्या बेळगाव काँग्रेसमध्ये गांधीजींसमोर गंगूबाईंनी स्वागतगीत म्हटलं तेव्हा त्या ११ वर्षांच्या होत्या. धास्ती वाटली ती गाण्याची नव्हे, जातीमुळे आपल्याला पंगतीतल्या उष्ट्या पत्रावळी उचलायला लावतील की काय याची. ती भीती समाजाने घातलेली होती आणि तिच्यापुढे आपल्या डीजेची भीती म्हणजे चैनच. आणि धारवाडने सगळेच सभाधीट पिकवले असंही नाही. जी. ए. कुलकर्णी याच गावात इंग्रजी शिकवत, अशा कथा लिहीत की अख्खा महाराष्ट्र भेटायला टपलेला असे, आणि ते सभा-समारंभ चुकवत राहिले. काळा चष्मा त्यांचाही प्रसिद्ध आहे. फरक इतकाच की जी. एं.नी चष्मा लावून वर रोषणाई मागवली नाही.

तालमीचा मुद्दा रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६९ मध्ये चक्क झुरळांवर तपासला. सरळ वाटेवर पळणारं झुरळ इतर झुरळं बघत असली की जास्त जोरात पळालं. वाट वळणाची असली की बघ्यांमुळे रेंगाळलं. म्हणजे अंगवळणी पडलेलं काम गर्दीपुढे सुधारतं, अर्धवट शिकलेलं आणखी बिघडतं. तेव्हा आपल्या डीजेने हळदीच्या गाण्यातून संथ कन्नड गाण्यात उतरण्याचं वळण घरीच पन्नासदा घोटावं. पण घरी प्रेक्षक नसतात, मग मंचावर टिकणार कसं, ही शंका रास्त आहे. त्यावर बारशी आणि गच्चीवरचे वाढदिवस आहेत. तिथे चूक झाली तरी लोक केक खातात. मोकळ्या पंचावन्न मिनिटांत हवेत हात फेकण्यापेक्षा नाचणाऱ्यांचे पाय बघावेत: कोण थकलं, कोण खुर्चीकडे निघालं, कोणती आत्या साडीचा पदर खोचतेय. पुढचं गाणं त्यावरून ठरतं आणि हातांना खरं काम मिळतं. मित्र मात्र पाठीवर थाप मारून ‘टेन्शन घेऊ नको ले’ म्हणतात. हार्वर्डच्या ॲलिसन वुड ब्रुक्स यांच्या २०१४ च्या प्रयोगांत स्वतःला ‘शांत हो’ म्हणणाऱ्यांपेक्षा ‘मला जाम उत्साह वाटतोय’ म्हणणाऱ्यांची गाणी आणि भाषणं सरस ठरली. धडधडत्या छातीला शांत करण्यापेक्षा तिला दुसरं नाव देणं सोपं. बिअरने धीर येतो म्हणणाऱ्यांनी एवढंच लक्षात घ्यावं की तिने हात मंदावतात आणि १५ सेकंद १५ च राहतात.

माझ्या म्हणण्याचा पक्का पुरावा गल्लीतल्या उघड्या मांडवात रात्री दहाला मिळतो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांनुसार दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर बंद. सणासुदीला सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं, पण कोणाची हळद त्या यादीत बसत नाही. पोलीस येतात, नाच थांबतो आणि संध्याकाळभरात पहिल्यांदाच सगळा मांडव खरोखर डीजेकडे बघू लागतो. नवरदेवाचे मित्र ‘लास्ट साँग ले, लास्ट!’ म्हणून गळ घालतात, हवालदार काठी आपटतात, मुलीचा मामा दोघांपुढेही हात जोडतो. आपला डीजे या वेळी एका हाताने आवाज उतरवत असतो, दुसऱ्याने लॅपटॉप मिटत असतो, दातांत चिकटपट्टीचा तुकडा असतो, आणि तशाच तोंडाने तो मांडववाल्याशी हुज्जत घालत असतो की ही काळी केबल माझी, तुझी ती पिवळी.