पासवाले काका

पासवाले काका तुमच्याही सहलीत असतात, तेव्हा ओळख करून देत बसत नाही. पासष्टीच्या पुढचं वय, पांढरे कॅनव्हासचे बूट, शर्टाच्या खिशात दोन पेनं आणि पाठीशी पुणे-मुंबई अपडाऊनची तेहतीस वर्षं. नोकरी संपली, पास संपला, अपडाऊन मात्र चालूच आहे. जगात कुठेही नेऊन सोडा, काका दख्खनच्या राणीतच बसलेले असतात. टोकियो, क्योटो वगैरे ठिकाणी आपण जातो.

आमच्या वाट्याला आलेल्या काकांचं घड्याळ जपानमध्येही भारतीय वेळेवर होतं. टूर मॅनेजरने विमानातच सगळ्यांना घड्याळं साडेतीन तास पुढे करायला लावली. काका "करतो, करतो" म्हणाले आणि त्यांनी केलं नाही. विसरले असतील, असं आम्हाला वाटलं. क्योटोच्या दिवशी खुलासा झाला.

शिनकान्सेनने सकाळी टोकियोहून निघायचं, क्योटो बघायचं आणि रात्री परत टोकियोला झोपायला यायचं, असा तो कार्यक्रम. ७९४ पासून हजारएक वर्षं जे शहर जपानची राजधानी होतं, त्याला आमच्या कार्यक्रमपत्रिकेत दुपारच्या जेवणासकट एक ओळ होती. फलाटावर पिवळी झेंडी घेतलेली जपानी गाईड उभी होती. ती आमची डोकी मोजत असताना काकांनी तिला पहिला प्रश्न टाकला, "या गाडीला पास चालतो का?"

तिने इंग्रजीत नीट समजावलं. परदेशी पाहुण्यांसाठी जपान रेल पास असतो, पण ही नोझोमी. या मार्गावरची सगळ्यात जलद गाडी. पास असला तरी हिला वर वेगळे पैसे भरावे लागतात. म्हणून तुमची साधी तिकिटं काढली आहेत.

काकांचा चेहरा उतरला. "सगळ्यात चांगल्या गाडीला पास नाही?" ते माझ्याकडे वळून म्हणाले. "मग रोजचा माणूस जाणार कसा? उगाच हो नाव यांचं."

तिथून काका आणि शिनकान्सेन यांच्यात सामना सुरू झाला. शिनकान्सेनला पत्ता नव्हता. पहिली गाडी कधी धावली? १ ऑक्टोबर १९६४, टोकियो ऑलिंपिकच्या तोंडावर. "आमची १ जून १९३०," काका म्हणाले. "चौतीस वर्षांनी थोरली." वेग किती? ताशी २८५ किलोमीटरपर्यंत. "सपाटीवर ना? भोर घाटात सदतिसाला एक चढ आहे. तिथे आणा म्हणावं, मागून दोन बँकर इंजिनं लावल्याशिवाय हलणार नाही." गाडी मिनिटाच्या काट्यावर सुटली तेव्हा काकांनी काही न बोलता बाहेर बघितलं. ती कुठेतरी, निदान शिन-योकोहामाला तरी, दोन मिनिटं रखडावी अशी त्यांची फार इच्छा होती. रखडली नाही.

तिकीट बघणारा गणवेशातला माणूस डब्यात शिरला आणि त्याने दारातच कमरेत वाकून सगळ्या डब्याला नमस्कार केला. काका उठून उभे राहिले आणि त्यांनीही हात जोडले. तो जाताना पुन्हा वाकला, काका पुन्हा उठले. तो परतीच्या फेरीला आला तेव्हा काका पेंगत होते. त्यांनी डोळे न उघडता फक्त "पास!" म्हटलं. तो पुन्हा वाकला आणि पुढे गेला. तेहतीस वर्षांत एकाही टीसीने आपल्याला इतका मान दिला नाही, हे काकांनी मान्य केलं, पण ते श्रेय टीसीचं, गाडीचं नाही.

पाऊण तासाने उजव्या खिडक्यांतून फुजी दिसतो. सगळा गट तिकडे कलला. फुजी ढगात होता. कुणीतरी हळहळलं. काका म्हणाले, "पावसाळ्यात नागफणी तरी कुठे दिसते?" ३७७६ मीटरचा पर्वत आणि खंडाळ्याचा सुळका काकांच्या लेखी एकाच खात्यात जमा झाले.

मग काकांना चहा हवा झाला. ढकलगाडीवरून चहा-कॉफी विकणं या मार्गावर २०२३ च्या ऑक्टोबरअखेर बंद झालं, असं गाईड म्हणाली. आता वरच्या वर्गाच्या ग्रीन डब्यात मोबाईलवरून मागवता येतं. आणि डायनिंग कार? ती २००० सालीच गेली.

काकांनी हे तिच्याकडून दोनदा वदवून घेतलं. मग डब्यातल्या प्रत्येक मराठी आसनाशी जाऊन बातमी दिली. "डायनिंग कार नाही! काढली! आमच्याकडे आहे. टेबलावर बसून चीज टोस्ट, ऑम्लेट, कटलेट. घाटात चहा हिंदकळतो, पण येतो!" सामन्यातला त्यांचा हा पहिला गुण होता आणि क्योटो येईपर्यंत त्यांनी तो जपून वापरला. गटातल्या एका उत्साही इंजिनिअर मुलाने समजूत घालायला म्हटलं, "काका, आपल्याकडेही हेच तंत्रज्ञान येतंय. मुंबई-अहमदाबाद, ५०८ किलोमीटर."

"पुण्याला थांबते का?"

"नाही."

"मग विषय संपला."

क्योटोत बसमध्ये बसवून आम्हाला प्रथम फुशिमी इनारीला नेलं. डोंगरावर चढत जाणाऱ्या शेंदरी कमानींची रांग फोटोत पाहिली असेलच. समोरून नुसतीच कमान, पण वळून मागे बघितलं की खांबांवर काळ्या अक्षरांत देणगीदाराचं नाव आणि तारीख. हजारो कमानी, बऱ्याचशा व्यापाऱ्यांनी आणि कंपन्यांनी दिलेल्या. फरशीवर, पंख्यावर आणि घंटेवर नावं वाचत ज्यांचं बालपण गेलं, त्या आपल्या लोकांना इथे एकदम घरच्यासारखं वाटतं. सगळे फोटो काढण्यात गुंगलेले असताना काका ओरडले, "सुटली!"

टूर मॅनेजरचा रंग उडाला. बस सुटली की कुणाच्या हातून पोर सुटलं? त्याने धावत येऊन डोकी मोजली. गाईडने झेंडी उंच धरून शिट्टी काढली. दोन काकू "आमच्या बॅगा बसमध्येच आहेत" म्हणून उतारावरून निघाल्यासुद्धा.

"अहो, काय सुटलं?"

काकांनी मनगट पुढे केलं. घड्याळात सव्वासात. "क्वीन. पुण्याहून."

मग दिवसभर तेच. सांजूसानगेनदो हे लांबलचक लाकडी देऊळ, सुमारे १२० मीटरचं. आत कान्नोनच्या १००१ मूर्ती, ओळीने, माणसाच्या उंचीच्या, सोनेरी. माणूस आत शिरतो आणि गप्प होतो. काकांनी या टोकाकडून त्या टोकाकडे बघितलं आणि हलकेच म्हणाले, "पाच डबे." मग मनगटाकडे पाहून, "लोणावळा."

त्या मूर्तींच्या पुढे अठ्ठावीस रक्षक देवतांची रांग आहे. त्यांत ब्रह्मा आहे, इंद्र आहे, आणि बासरी वाजवणारा, चोचीचा, पंखांचा गरुडही आहे. विष्णूला पाठीवरून उतरवून हा इकडे कधी आला आणि बासरी कुणाकडे शिकला, हे विचारायला गाईड हवी होती. पण ती झेंडी घेऊन दारापर्यंत पोचली होती, कारण आमची इथली पंचवीस मिनिटं भरत आली होती. आतमध्ये फोटो काढायला बंदी, त्यामुळे गटातल्या निम्म्यांनी गरुड पाहिलाच नाही. काकांनी पाहिला. त्याच्यापुढे हात जोडून ते चांगले दोन मिनिटं उभे राहिले आणि सगळ्यांत शेवटी बाहेर आले. मी त्यांना घाई केली तर म्हणाले, "थांबा हो. देव आपल्या गावचा भेटला की उभं राहावं."

एवढ्या दिवसात मला त्यांचं पटलेलं हे पहिलं वाक्य. पण दुपारच्या जेवणात ते लगेच "मंकी हिल. ब्रेक तपासतायत" असं म्हणाले आणि मी परत पूर्वपदावर आलो.

किनकाकुजी, म्हणजे सोन्याच्या वर्खाचं देऊळ, तळ्याच्या अलीकडून बघायचं असतं. १९५० साली तिथल्याच एका तरुण भिक्षूने ते पेटवून दिलं. आज दिसतं ते १९५५ मध्ये पुन्हा उभं केलेलं. गाईडने हे मोठ्या परिणामकारक आवाजात सांगितलं. सगळे चुकचुकले.

"पंचावन्न," काका म्हणाले. "त्याच साली क्वीनला तिसरा वर्ग जोडला." मग मनगट. "पोचली. व्हीटी." सीएसएमटी हे नाव त्यांच्या घड्याळाला अजून लागू झालेलं नाही.

कियोमिझूचा लाकडी सज्जा आणि बाजाराची गल्ली हे मी टाळून पुढे जातो, कारण आम्हीही तसंच केलं.

संध्याकाळी क्योटो स्टेशनवर मात्र जे झालं ते सांगायला हवं. गाडी तिथे जेमतेम मिनिट-दोन मिनिटं थांबते. आमचा गट दमलेला, प्रत्येकाच्या हातात चार पिशव्या, एका आजींचा गुडघा धरलेला, आणि टूर मॅनेजर फोनवर रात्रीच्या जेवणासाठी भांडत होता. गाईड "प्लीज, टू लाइन्स" असं हळुवारपणे विनवत होती आणि आमची एकही रांग होत नव्हती.

काका पुढे झाले. फलाटावर आखलेल्या खुणा त्यांनी एकदा पाहिल्या, डब्याचा नंबर पाहिला, आणि त्यांचा आवाज बदलला. "आजी आणि त्यांच्या सूनबाई पहिल्या. त्यांच्या पिशव्या तू घे. फोटो नंतर. उतरणाऱ्यांना आधी उतरू द्यायचं. तुम्ही, जर्किन, दारात थांबायचं नाही, आत सरकायचं. आत, आत, आत!" गाडी आली, दार अगदी आजींसमोर उघडलं, आणि अख्खा गट पिशव्यांसकट आत होता. काका सर्वांत शेवटी चढले, पाठीमागे एकदा फलाट बघून. गाईडने डोकी मोजली, ती बरोबर निघाली. मग ती कमरेत वाकली. "थँक यू, काका-सान." आम्ही सगळे काका म्हणत होतो, तेव्हा ते त्यांचं नावच असणार असा तिचा समज. काका उठून उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले.

आसनं फिरवता येतात हे त्यांनी सकाळीच हेरून ठेवलं होतं. दोन आसनं फिरवून समोरासमोर केली आणि खिशातून पत्ते काढले. मेंढीकोट. पलीकडे कोट घातलेला एक जपानी माणूस मान टाकून झोपला होता. खरं तर आख्खा डबाच झोपला होता. चौथ्या पानाला आमचा आवाज आम्हालाच मोठा वाटायला लागला आणि पत्ते मिटले.

"हे रोजचे आहेत का?" काकांनी गाईडला विचारलं.

असतील काही, ती म्हणाली. ओदावारा, मिशिमा, इथून रोज टोकियोला येणारे पुष्कळ आहेत. ते बहुधा आणखी ठिकाणी थांबणाऱ्या कोदामाने जातात. शिनकान्सेनचाही मासिक पास असतो.

काका सावरून बसले. "पास असतो? मग त्यांचा ग्रुप असेल ना? ठरलेला डबा, ठरलेली जागा?"

गाईडला प्रश्न नीट कळेना. ग्रुप कशासाठी?

"वाढदिवस करायला. दसऱ्याला डब्याला तोरण लावायला. कुणाचा पोरगा पास झाला तर पेढे. कुणी दोन दिवस दिसला नाही तर घरी फोन." काका थोडे थांबले. "आमच्यातल्या एकाच्या मुलीचं लग्न डब्यातच जमलं. दोन्हीकडचे व्याही पासवाले."

गाईडने खरोखर विचार केला आणि सांगितलं, "नाही. ते झोपतात. पाऊण-एक तासाचाच तर प्रवास असतो."

काका काही बोलले नाहीत. पाऊण तासात कुणाशी काय ओळख होणार, असं त्यांना वाटलं असावं. किंवा पाऊण तासात घरी पोचले असते तर आपल्या मुलांना आपण जागेपणी दिसलो असतो, असंही. मी विचारलं नाही. सव्वातीन तास एकीकडचे आणि तेवढेच परतीचे, हे तेहतीस वर्षं रोज. माणूस त्यातून घरदार उभं करतो आणि त्या घरात फक्त रविवारी राहतो. तेव्हा ज्यात खरोखर राहिलो ती गाडी सोन्याची होती, असं त्याने जन्मभर सांगितलं तर आपल्याला चिडायचा काय अधिकार आहे? (आहे. पण थोडा कमी.)

आठ वाजून चाळीस मिनिटांनी, मिशिमाच्या आसपास कुठेतरी, काकांनी मनगट पाहिलं. पाच वाजून दहा. आम्ही सगळे तयारच होतो. पण ते ओरडले नाहीत. त्यांनी मोबाईल काढून जुन्या ग्रुपवर लिहिलं, "सुटली का?" बऱ्याच वेळाने एक उत्तर आलं. ते त्यांनी मला दाखवलं. "अरे बाबा, आता कोण जातंय? मी नातवाला क्लासला सोडतोय."

मग त्यांनी गाड्यांची वेळ दाखवणारं ॲप उघडलं. चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ पाहिलं. दिवसभरात एकही मिनिट न चुकलेल्या गाडीत बसून ते समाधानाने म्हणाले, "चार मिनिटं लेट सुटली. कल्याणपर्यंत भरून काढेल."

तुम्ही जाणार असाल तर एवढं ऐका. क्योटो एका दिवसात होत नाही, तिथे मुक्काम करा. ते जमणार नसेल तर जाताना उजव्या खिडकीची ई आसनं मागून घ्या, आणि गटात पासवाले काका असतील तर शेजारची डी त्यांना द्या. खाण्याचे डबे मात्र टोकियो स्टेशनवरच विकत घ्या. गाडीच्या साध्या डब्यात काहीही मिळत नाही.