खुळखुळ्याची तीन कोटेशनं

आमच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर एक शास्त्रज्ञबाई राहतात. वय चौतीस, कानामागे दोन पांढऱ्या बटा आणि सरकारदरबारी ओळख ‘नवोदित’. चौतिशीत नवोदित म्हणवून घ्यायची सोय आपल्याकडे तिघांनाच आहे: शास्त्रज्ञ, कवी आणि पक्षाचा युवा नेता. पैकी निधी वेळेवर पोचतो तो नेत्याला.

बाई डॉक्टर आहेत, पण पीएचडीच्या. हे सांगत बसणं त्यांनी केव्हाच सोडलं. तळमजल्यावरच्या आजी गुडघा पुढे करतात, बाई तो गंभीरपणे पाहतात आणि ‘शेकून बघा’ म्हणतात. त्यांचा विषय मुलांच्या वाढीतल्या अडचणी: ऑटिझम, उशिरा बोलणं, सेरेब्रल पाल्सी. पहिल्या वाढदिवसाला बोलावलं की केक राहतो बाजूला, बाळ हाकेला वळतं का ते त्या बघत असतात. नाही वळलं तर पुढच्या हाकेपर्यंत वेफर तोंडाशीच थांबतो. मुंजीत मुलं मोजून त्यांनी मनातल्या मनात आठने भागलेलं मी स्वतः ओळखलंय. 2018 साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. उत्तर गोव्यासह पाच ठिकाणची 2 ते 9 वर्षांची 3,964 मुलं तपासली, तर साधारण आठांतल्या एकाला काही ना काही अडचण निघाली. बाईंचा प्रत्येक अर्ज याच वाक्याने सुरू होतो. आता तर दूधवाल्यालाही ते पाठ आहे.

अर्ज मात्र किती! पहिला त्यांनी एसईआरबी या केंद्राच्या संशोधन-निधी मंडळाच्या नमुन्यात लिहिला: दोन वर्षं, कमाल तीस लाख. मजकुरावरून शेवटचा हात फिरतोय तोवर 2008च्या कायद्याने जन्मलेलं ते मंडळच 2023च्या कायद्याने आलेल्या एएनआरएफ या नव्या संस्थेत विलीन झालं. नव्या योजनेत तीन वर्षं आणि साठ लाखांपर्यंत रक्कम, म्हणजे चांगलंच की. पण फॉर्म पुन्हा पहिल्यापासून. शेवटी पैसे मिळाले ते तिसऱ्याच दारी. त्या दाराचं नाव मी सांगणार नाही. बाईंना पुढच्या वर्षीही तिथेच जायचंय.

मग खरेदी. बाळाची तपासणी म्हणजे घंटी, लाल ठोकळे, कप आणि एक खुळखुळा. हिशेबखात्याने खुळखुळ्याला तीन कोटेशनं मागितली. एवढ्या किरकोळ खरेदीला नियमाने ती लागत नाहीत, पण आपल्याकडे नियमापेक्षा सवय ज्येष्ठ. तुळशीबागेतल्या दुकानदाराने लेटरहेडवर खुळखुळ्याचा दर लिहून देताना बाईंकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर कुठल्याही मापनपट्टीवर बसत नाही.

पहिलं वर्ष सरलं. खर्चाचा दाखला, म्हणजे यूसी, कुठल्याशा टेबलावर सहीसाठी अडकून बसला, आणि यूसी पोचल्याशिवाय दुसरा हप्ता नाही. बाईंच्या हाताखालचा जेआरएफ, म्हणजे संशोधनवृत्तीवरचा पोरगा, कागदावर महिना सदतीस हजारांचा धनी होता. चार महिने फक्त कागदच बघून तो बँकेच्या परीक्षेला बसला. 

“थांबा की जरा,” मी बाईंना म्हटलं.

“काका, मी थांबेन हो. अभ्यासात सहा महिन्यांचं घेतलेलं बाळ अठरा महिन्यांचं झालंय. ते कसं थांबेल?”

खरंच होतं. अठराव्या महिन्याची तपासणी तिसाव्या महिन्यात करता येत नाही. बाई ॲक्टिव्हाच्या डिकीत घंटी, ठोकळे आणि स्वतःच्या घरातला स्टीलचा कप टाकून, पदरचं पेट्रोल जाळत हडपसरपासून भोरपर्यंत फिरल्या. एका संध्याकाळी जिन्यातूनच ओरडत आल्या, “दाखवलं, काका! पंख्याकडे बोट केलं आणि वळून आईकडे पाहिलं!” त्या बोटाची त्या तीन भेटी वाट बघत होत्या. मला वाटलं, हप्ता आला.

हप्ता आला तो 28 मार्चला. रक्कम 31 तारखेपर्यंत खर्ची पडायची, उरलेली व्याजासकट परत. रात्री साडेनऊला दारावरची बेल वाजली. बाईंच्या हातात यादी, कानाला फोन आणि फोनवर तुळशीबाग.

“काका, तुमच्या माळ्यावर चाळीस खुळखुळे मावतील का?”